पुट्टी मारायच्या आधी: सदोष बांधकामाची तक्रार कशी उभी करायची

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की माझा फोन वाजायला लागतो. "मॅडम, स्लॅब गळायलाय." "मॅडम, खिडकीच्या कोपऱ्यातून भिंत फुटायली, करंगळी जातीय आत." आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य, "गुत्तेदार फोन उचलंना." मी सगळ्यांना आधी एकच विचारते: भिंतीला हात लावलाय का? फार वेळा उत्तर येतं की वास्तुशांतीला पाहुणे यायचे होते, म्हणून पुट्टी मारून रंग देऊन टाकला. मग मला जी गुळगुळीत भिंत दिसते, तीच ग्राहक आयोगालाही दिसते.

मी लातूरला स्थापत्य अभियंता आहे. नवी घरं उभी करण्यापेक्षा बांधून झालेल्या घरांची पाहणी करून अहवाल देण्याचं काम आता जास्त करते, आणि त्या अहवालावर शपथपत्रही देते. कायद्याची बाजू वकील मांडतात. पण प्रकरणात दम किती आहे, हे घरमालकानं वकिलाकडे जाण्याआधी काय नोंदवून ठेवलं यावर ठरतं. आयुष्यभराची पुंजी, सोसायटीचं कर्ज, बायकोचं सोनं घालून बांधलेल्या घराची केस निव्वळ नोंदी नाहीत म्हणून पडते, तेव्हा फार वाईट वाटतं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी ठरवा, भांडण कुणाशी आहे

आपल्याकडे दोन प्रकारची घरं असतात आणि दोन्हींची वाट वेगळी आहे.

बिल्डरकडून फ्लॅट किंवा रो-हाउस घेतलं असेल आणि प्रकल्प महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात, नोंदलेला असेल, तर स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ तुमच्या बाजूनं उभा आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि घरं आठांपेक्षा जास्त असतील तर नोंदणी बंधनकारक आहे. या कायद्याचं कलम १४(३) पाठच करून ठेवा. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा, कारागिरीचा, दर्जाचा किंवा सुविधांचा दोष बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर त्यानं तो ३० दिवसांत, एक रुपयाही न घेता दुरुस्त करून द्यायचा. नाही दिला तर नुकसानभरपाई. बिल्डर कराराच्या मागच्या पानावर "हमी एक वर्ष" असं छापतात आणि तक्रार आली की तेच पान दाखवतात. त्या छापील ओळीनं कायद्यानं दिलेली पाच वर्षं कमी होत नाहीत.

दुसरा प्रकार म्हणजे स्वतःचा प्लॉट आणि घर बांधायला दिलेला गुत्तेदार. मराठवाड्यात, निदान लातूर, नांदेड, बीड, परभणीकडे, माझ्याकडे येणारी बहुतेक घरं अशीच असतात. इथं महारेरा लागू होत नाही. पण घर बांधून देणं ही कायद्यानं "सेवा" आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात ते स्पष्ट केलं, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येतच घरबांधणी आहे. म्हणजे गुत्तेदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. "फ्लॅटवाल्यांनाच कायदा आहे, आमचं काय" असं म्हणून घरी बसू नका.

गुत्तेदाराच्या बाबतीत एक गोष्ट लगेच तपासा. काम मटेरियलसहित दिलं होतं की नुसत्या लेबर रेटनं? सिमेंट, गज, वाळू तुम्ही आणून दिली असेल तर मालाच्या दर्जाचा दोष त्याच्यावर ढकलता येणार नाही. पाणी जास्त घालणं, रिंगा (कॉलम-बीमच्या गजांभोवतीची लोखंडी कडी) लांब लांब बांधणं, स्लॅब न भिजवणं, सेंट्रिंग (ओतकामाचा तात्पुरता साचा आणि आधार) लवकर काढणं ही कारागिरी मात्र त्याचीच. तक्रारीत या दोन्हींची सरमिसळ केली की समोरचा वकील त्याच फटीतून आत शिरतो.

गुंठेवारीतल्या प्लॉटवर घर असेल तर परवान्याचा मुद्दा निघणारच. नियमितीकरणाची कागदं, कराच्या पावत्या, नकाशा, जे असेल ते आधी जुळवून वकिलाला दाखवा. भर सुनावणीत ते पहिल्यांदा बाहेर यायला नको.

भिंत काय सांगते ते वाचा

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं इथंच ठरतं.

प्रत्येक तडा गंभीर नसतो. प्लास्टरवर जाळीसारख्या बारीक केसभेगा दिसत असतील तर बहुधा प्लास्टर नीट भिजवलेलं नाही किंवा माल फार तिखट, म्हणजे सिमेंट जास्त, झालाय. बीमच्या तळाशी, भिंत आणि काँक्रीट जिथं मिळतं तिथं आडवी सरळ रेघ दिसत असेल, तर विटा आणि काँक्रीट वेगवेगळं आकुंचन पावतात आणि सांध्यावर कोंबडीजाळी मारलेली नाही. दोन्ही कारागिरीचे दोष आहेत, दुरुस्ती मागायचीच. पण "घर पडायला आलंय" असं तक्रारीत लिहू नका. अतिशयोक्ती केलेल्या अर्जातला खरा मुद्दाही हलका होतो.

तडा खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघून, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी तिरका खाली जोत्याकडे जात असेल, तर पायाकडे बघा. मांजरा-तेरणेच्या पट्ट्यात आपल्या पायाखाली काळी माती आहे. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात सुकून भेगाळते. पाया मुरमापर्यंत न नेता काळ्या मातीतच टेकवला तर घर दरवर्षी थोडं वर आणि थोडं खाली होतं. अशा तड्याची खूण म्हणजे तो वैशाखात रुंदावतो आणि भाद्रपदात जवळजवळ मिटतो. म्हणून एकदा काढलेला फोटो पुरत नाही. दोन्ही ऋतूंतली नोंद हवी.

बीमच्या किंवा स्लॅबच्या तळाला तांबूस डाग, पापुद्रे, आणि खाली पडलेल्या तुकड्यामागे गंजलेला गज दिसला, तर गजावरचं काँक्रीटचं कव्हर अपुरं आहे किंवा पाणी मुरतंय. कॉलममध्ये उभा तडा दिसला, कॉलम फुगल्यासारखा वाटला, किंवा सेंट्रिंग काढल्यावर खडी उघडी पडून हनीकोंब दिसलं, तर केसचा विचार नंतर. ती खोली रिकामी करा, खाली ठोकळे लावून टेकू द्या आणि त्याच दिवशी अभियंत्याला बोलवा.

गळतीचं वेगळं आहे. "स्लॅब गळतो" एवढं लिहून भागत नाही, पाणी कुठून येतंय ते दाखवावं लागतं. गच्चीचे पाइप बंद करून दोन-तीन इंच पाणी साठवा, दोन दिवस ठेवा, आणि खाली छताला ओल दिसली की तिच्या कडेनं खडूनं रेघ मारून वेळ लिहा. ओल पसरत जाईल तशा रेघा वाढतात. तो फोटो कुठल्याही वर्णनापेक्षा बोलका असतो. फ्लॅटमध्ये वरच्या घराच्या बाथरूमची गळती असेल तर आधी ठरवा, वरच्या मालकानं फरशी फोडून नळ बदललेत, की बिल्डरनं दिलेलंच वॉटरप्रूफिंग फुटलंय. प्रतिवादी चुकला की वर्ष वाया जातं. छत आधीच कमजोर वाटत असेल तर पाणी साठवायची ही चाचणी अभियंत्याला विचारल्याशिवाय करू नका.

तडा नोंदवायची पद्धत

तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी खूण करा, शेजारी तारीख लिहा. तडा वाढला तर तो खुणेच्या पलीकडे जाईल. तिथं नवी खूण, नवी तारीख. रुंदी स्टीलच्या पट्टीनं मोजा आणि फोटोत पट्टी दिसू द्या. आधी पूर्ण भिंतीचा फोटो, मग जवळचा. नुसत्या जवळच्या फोटोत ती भिंत कुणाच्या घरची हे कळत नाही.

तड्यावर काचपट्टी बसवा. काचेच्या दुकानातून पातळ काचेचा बोटभर रुंद तुकडा आणा. तड्याच्या दोन्ही बाजूंचा रंग खरवडून, दोन्ही टोकांना सिमेंटचा छोटा गोळा लावून काच आडवी चिकटवा आणि गोळ्यावर तारीख कोरा. भिंत हलत असेल तर काच तडकते. हलत नसेल तर तशीच राहते, मग तडा जुना आणि थांबलेला आहे, हेही प्रामाणिकपणे मान्य करायचं.

औसा रोडकडच्या एका लेआउटमध्ये जिल्हा परिषद शाळेतल्या एका गुरुजींचं घर होतं. गुत्तेदाराचं म्हणणं होतं की बाथरूमचं पाणी गुरुजींनीच पायात सोडलं, म्हणून भिंत फुटली. गुरुजींनी हॉल, स्वयंपाकघर आणि मागची खोली अशा तीन ठिकाणी काचा लावल्या होत्या. बाथरूमपासून सगळ्यात लांब असलेल्या पुढच्या कोपऱ्यातली काच भर उन्हाळ्यात तडकली. मग त्या कोपऱ्याशी, पायाला धक्का न लावता, बाजूनं खड्डा घेऊन बघितलं. फूटिंग, म्हणजे कॉलमखालचं पायाचं काँक्रीट, साडेचार फुटांवर काळ्या मातीतच टेकलेलं होतं आणि मुरूम लागला सात फुटांवर. करारात शब्द होते, "पाया मुरमापर्यंत खोदणे". टेप लावलेला त्या खड्ड्याचा फोटो अहवालात पहिल्या पानावर गेला. आयोगानं मागितले होते तेवढे पैसे दिले नाहीत, पण पाया मजबूत करायचा खर्च, त्रासापोटी काही रक्कम आणि तक्रारीचा खर्च मंजूर केला.

असा खड्डा स्वतः घेऊ नका. फूटिंगच्या खालची माती निघाली तर जो दोष नव्हता तोही तयार होईल.

कागद: जे आहे ते आजच एका फाइलीत

कराराचा बाँड, नकाशा, बांधकाम परवाना, ताबा पावती किंवा भोगवटा प्रमाणपत्र, खरेदीखत, बँकेचे व्यवहार, सिमेंट-गजाची बिलं, बिल्डरची जाहिरात आणि माहितीपत्रक. फ्लॅट असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडून मंजूर नकाशे आणि प्रकल्पाची माहिती उतरवून घ्या. माहितीपत्रकात दाखवलेलं आणि प्रत्यक्षात दिलेलं यातल्या फरकाचीही स्वतंत्र तक्रार होते.

गुत्तेदाराला रोखीनं दिलेल्या पैशांचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. वहीत तारीख, रक्कम, कशासाठी आणि त्याची सही असेल तर वही हाच पुरावा. सही नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर एक साधा संदेश टाका: "आजपर्यंत आपल्याला एकूण अमुक रक्कम पोहोचली आहे, हिशेब बरोबर आहे ना?" त्याचं "हो" आलं तरी बरंच काम होतं. संदेश, फोटो, व्हिडिओ आयोगात देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडायला वकिलाला सांगा. जुन्या कायद्यात हेच ६५-ब होतं. फोन बदलू नका, किमान जुना जपून ठेवा.

शेवटचा हप्ता तुमच्याकडे अडकलेला असेल तर तो लपवू नका. "इतकी रक्कम बाकी आहे, दोष दुरुस्त झाल्यावर देण्यास तयार आहे" असं नोटिशीतच लिहा. नाहीतर समोरून पहिलं वाक्य येतं की बिल बुडवायला तक्रार केली.

वाढीव कामाचंही तसंच. मूळ नकाशात नसलेली खोली नंतर वर चढवली असेल, टाकी मोठी बसवली असेल, तर आपणच आधी सांगायचं. अभियंत्याला तर नक्कीच. मला न सांगितलेली गोष्ट उलटतपासणीत समजली तर माझ्या अहवालाचा उपयोग संपतो.

तपासणी कुणाकडून, कोणती

अभियंता असा घ्या ज्याचा तुमच्या घराशी आणि त्या गुत्तेदाराशी कधी व्यवहार झालेला नाही. मेव्हणा इंजिनिअर असला तरी त्याचा अहवाल चालवू नका. पाहणीची तारीख बिल्डरला आधी लेखी कळवा: "अमुक दिवशी सकाळी तज्ज्ञ पाहणी करणार आहेत, आपण किंवा आपला प्रतिनिधी हजर राहू शकता." तो आला नाही तरी चालेल. "माझ्या पाठीमागे केलेला अहवाल" हे म्हणायची सोय मात्र राहत नाही.

रिबाउंड हॅमर ही सगळ्यात स्वस्त चाचणी. ती काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कडकपणा सांगते, आतलं सगळं नाही. संशय गंभीर असेल तर अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून करायची चाचणी, करा, आणि खरंच गरज असेल तरच कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल कापलेला नमुना, काढा. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) कोअरच्या निकालांची सरासरी त्या दर्जाच्या काँक्रीटच्या चौकोनी ठोकळ्याच्या अपेक्षित ताकदीच्या किमान ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. गज आणि रिंगा कुठे, किती अंतरावर आहेत हे न फोडता शोधणारं यंत्रही मिळतं. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांमधून अशा चाचण्या होतात. आपल्या भागात छत्रपती संभाजीनगरचं शासकीय महाविद्यालय आणि नांदेडचं श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थान आहे, तिथं चौकशी करा. सरकारी शिक्क्याच्या अहवालाला आयोगात मान असतो.

रिंगांबद्दल मी हट्टानं लिहिते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी-सास्तूरकडे दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्यानंतर आपल्याकडे लोकांनी कर्ज काढून आरसीसीची घरं बांधली ती जीव वाचावा म्हणून. त्या कॉलममध्ये रिंगा नऊ-नऊ इंचांवर आणि त्यांची टोकं काटकोनातच सोडलेली असतील, तर त्या कुटुंबानं पैसे मोजून घेतलेलं संरक्षण मिळालेलंच नाही. भूकंपरोधक कामाच्या आयएस १३९२० या मानकात रिंगेची टोकं १३५ अंशांत आत वळवायला आणि बीम-कॉलमच्या सांध्याजवळ रिंगा दाट घ्यायला सांगितलंय. तडा नसला तरी हा दोषच आहे.

पाण्याचंही तसंच. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. टंचाईच्या वर्षी ओतलेला स्लॅब नीट भिजला होता का, हा प्रश्न विचारायलाच हवा. मिश्र (राख वगैरे मिसळलेल्या) सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस ओलावा लागतो. टँकरच्या पावत्या, त्या आठवड्यातले फोटो, शेजाऱ्यांचं शपथपत्र, हे सगळं इथं उपयोगी पडतं.

अहवालात तीन गोष्टी नसतील तर परत लिहून मागा: दोष काय, तो कशामुळे, आणि दुरुस्तीला खर्च किती. खर्च सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवर काढलेला असावा. अंदाजानं लिहिलेला "पाच लाख" हा आकडा टिकत नाही.

नोटीस

वकिलामार्फत पाठवली तर उत्तम, स्वतः पाठवली तरी चालते. भाषा साधी ठेवा. शिव्या, धमकी, "पेपरात देईन" असलं काही नको. मजकूर साधारण असा:

"आपण दि. ____ च्या करारनाम्यानुसार प्लॉट क्र. ____ वरील माझ्या घराचे बांधकाम साहित्यासह केले व दि. ____ रोजी ताबा दिला. दि. ____ रोजी पुढील दोष माझ्या निदर्शनास आले. (१) हॉलच्या पश्चिम भिंतीत खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत तिरकस तडा, लांबी सुमारे ४ फूट, रुंदी ३ मि.मी. (२) मागील खोलीच्या छताला ईशान्य कोपऱ्यात ओल. फोटो सोबत जोडले आहेत. ही नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत आपण स्वखर्चाने, लेखी कार्यपद्धती देऊन दुरुस्ती करावी. न केल्यास मी तज्ज्ञामार्फत दुरुस्ती करून घेईन व तिचा खर्च, नुकसानभरपाई व तक्रारीचा खर्च आपल्याकडून वसूल करण्यासाठी सक्षम आयोगाकडे / प्राधिकरणाकडे दाद मागेन."

पोच घेऊन पोस्टानं पाठवा, तीच व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेलवरही टाका. लिफाफा "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आला तर फोडू नका, तसाच फाइलीत ठेवा.

दाद कुठे मागायची

महारेराची तक्रार संकेतस्थळावरून ऑनलाइन भरता येते आणि सुनावण्याही ऑनलाइन होतात, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचतात. दुरुस्ती करून द्या, ही मागणी प्राधिकरणाकडे; नुकसानभरपाई हवी असेल तर ती महारेरातल्याच न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे, वेगळ्या नमुन्यात. तडजोडीची तयारी असेल तर महारेराचा सलोखा मंच आहे. गच्ची, लिफ्ट, पाण्याची टाकी असे सामायिक दोष असतील तर एकेकट्यानं भांडू नका, सोसायटीचा ठराव करून संस्थेतर्फे तक्रार करा. कलम ३१ मध्ये तशी तरतूद आहे.

ग्राहक आयोगाकडे जायचं तर मुदत दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून. इथं फार लोक फसतात. गुत्तेदार "दिवाळीनंतर करतो", "लग्नसराई होऊ द्या" म्हणत राहतो, आपण दर महिन्याला पत्र पाठवत राहतो, आणि दोन वर्षं निघून जातात. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही. उशीर झालाच तर सबळ कारण देऊन विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण त्यावर विसंबू नका.

घरासाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. शुल्क मोजकं आहे: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, बिल्डरचं ऑफिस पुण्यात असलं तरी. वकील सक्तीचा नाही. समोरच्यानं लेखी उत्तर ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत द्यायचं असतं. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं ४५ दिवसांवर एक दिवसही नाही असं सांगितलंय, त्यामुळे त्या तारखेवर लक्ष ठेवा. राज्य आयोगाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. काही अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

फ्लॅटधारकाला दोन्ही दारं उघडी आहेत, हेही सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं आहे. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे मात्र जाऊ नका. माझा कल असा: प्रकल्प नोंदलेला, ताबा पाच वर्षांच्या आतला आणि हवी आहे ती दुरुस्ती, तर महारेरा. गुत्तेदारानं बांधलेलं घर असेल, किंवा त्रासाची भरपाई हा मोठा भाग असेल, तर आयोग. दिवाणी दावा शेवटचा. तिथं मुदत साधारण तीन वर्षं, पण कोर्ट फी आणि वेळ दोन्ही जास्त.

पोलिसांत जाऊन उपयोग होत नाही. ते "दिवाणी मामला आहे" म्हणून परत पाठवतात, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं. खोटी कागदपत्रं, बनावट परवाना असं काही असेल तरच तिकडे जा.

पाऊस थांबत नाही, दुरुस्ती तर करावीच लागेल

लेकरं झोपतात त्या खोलीचं छत पडायला आलंय आणि केसचा निकाल लांब आहे, तर वाट बघत बसायचं नाही. नोटिशीचे दिवस संपू द्या. धोका तातडीचा असेल तर २४ तासांची सूचना पुरते. अभियंत्याची पाहणी, फोटो आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्यांचा पंचनामा झाला की दुरुस्ती करा. पडलेले तुकडे, गंजलेल्या गजाचा कापलेला भाग पिशवीत घालून, तारीख लिहून ठेवा. दुरुस्तीचं बिल पक्कं घ्या. तक्रार दाखल असेल तर आयोगाकडे अंतरिम अर्ज देऊन तज्ज्ञ नेमायची विनंती करा आणि मगच भिंतीला हात लावा.

"बसून मिटवू" म्हणाले तर

आपल्याकडे गुत्तेदार बहुधा ओळखीतलाच असतो. भावकीतला, सोयऱ्याच्या गावचा, नाहीतर कुणीतरी "माझ्या शब्दावर द्या काम" म्हणून आणलेला. तक्रार गेली की त्या माणसाचा फोन येतोच. मिटत असेल तर मिटवा, मी कधीच नको म्हणत नाही. पण मिटवलेलं कागदावर घ्या. कोणत्या भिंतीचं काय काम, कोणत्या साहित्यानं, किती तारखेपर्यंत, मजुरी आणि मटेरियल कुणाचं, आणि दुरुस्तीनंतर किती पावसाळ्यांची हमी. किमान दोन पावसाळे मागा. काळ्या मातीतला दोष एका पावसाळ्यात कळत नाही.

"माझी काहीही तक्रार राहिलेली नाही" हे वाक्य काम पूर्ण होऊन, पाऊस बघूनच लिहून द्यायचं. चहा पिता पिता सही केलेल्या या एका ओळीवर चांगली प्रकरणं बुडालेली मी बघितली आहेत. केस दाखल असेल तर तडजोडपत्र आयोगात दाखल करून त्यावर आदेश घ्या, म्हणजे त्यानं शब्द फिरवला तर तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

निकाल लागल्यावर

आदेशाची प्रत हातात आली की मुदत मोजा. समोरच्याला राज्य आयोगाकडे अपिलासाठी ४५ दिवस असतात आणि अपील करताना त्याला आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम भरावी लागते. त्यानं अपीलही केलं नाही आणि पैसेही दिले नाहीत, तर जिल्हा आयोगातच वसुलीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या अर्जाची नोटीस गेली की पैसे हलतात, असा माझा अनुभव आहे. महारेराची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. वसुली प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि पुढे तहसीलमध्ये. तिथं बिल्डरच्या मालमत्तेचे सर्व्हे नंबर, सातबारे, न विकलेल्या फ्लॅटची यादी तुम्हीच नेऊन दिलीत तर फाइल पुढे सरकते.

पैसे मिळाल्यावर दुरुस्ती अहवालात लिहिलेल्या पद्धतीनंच करून घ्या आणि पायाचं काम पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये उरका. काचपट्ट्या पुढचा एक पावसाळा आणि एक उन्हाळा तशाच राहू द्या, मग रंग द्या.